काटा भरलेला, टाकी रिकामी

जुनी गाडी घेऊन रस्त्यावर निघालं की लोक हटकून थांबवतात. कोणत्या सालची, इंजिन मूळचंच आहे का, रंग कुठून मारून घेतला, लिटरला किती देते, असे सगळे प्रश्न विचारून होतात. पेट्रोलच्या काट्याबद्दल मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही. आज मी त्या काट्याबद्दलच बोलणार आहे. पण आधी एक घरची गोष्ट सांगतो, म्हणजे एवढ्याशा काट्याच्या मागे हा माणूस का लागला ते कळेल.

मे १९७४. मी तेरा वर्षांचा होतो. धंतोलीत आमचं घर. बाबा वकील. दारात पन्नासच्या दशकातली, दुसऱ्या हातानं घेतलेली, इंग्रजी वळणाची एक गाडी होती. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता. त्या महिन्यात ८ तारखेपासून देशभर रेल्वेचा संप सुरू होता. नागपूर-वर्धा म्हणजे एरवी रेल्वेनं जायचा रस्ता. पण गाड्या बंद, आणि एसटीला माणसं लोंबकळत होती. अशात एका दुपारी शेजारच्यांकडे वर्ध्याहून ट्रंक कॉल आला. ‘दादांना जास्त झालंय, लगेच निघा.’ दादा म्हणजे माझे मोठे काका.

बाबांनी गाडीची किल्ली फिरवली आणि काट्याकडे पाहिलं. काटा ‘भरलेली’च्या खुणेवर टेकलेला. आदल्याच दिवशी बाबांच्या मावसभावानं गाडी लग्नाच्या वरातीसाठी नेऊन परत केली होती. नेलेली गाडी पेट्रोल टाकून परत करायची, ही आपल्याकडची रीत. पण ते दिवस कसे होते पाहा. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि जानेवारी १९७४ पर्यंत जगाच्या बाजारात कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे पेट्रोल महागलं तेव्हा अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले होते. त्या महागाईत कुणी टाकी काठोकाठ भरून द्यावी! बाबा बुटीबोरीपर्यंत त्या मावसभावाचं कौतुक करत होते.

केळझर ओलांडलं आणि गाडीनं दोन-तीन आचके दिले. मग ती बंदच पडली. तिथून वर्धा पंचवीसेक किलोमीटर.

विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी चारला गाडी बंद पडली की पहिला संशय एकच, ‘गाडीनं एअर घेतला.’ इंजिनाच्या उष्णतेनं पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. उपाय घराघरात माहीत असलेला. पंपावर ओलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडं ठेवायचं आणि वाट पाहायची. बाबांनी सुराहीतल्या पाण्यात पंचा भिजवून पंपावर ठेवला. अर्धा तास थांबलो. स्टार्टर मारला, काही नाही. पुन्हा पंचा भिजवला. तेवढ्यात वर्ध्याकडे जाणारी एक एसटी आली. आई म्हणाली, हात दाखवू या. बाबा म्हणाले, “थांब, आता थंड झालीच आहे. टाकी भरलेली आहे, पेट्रोलचा प्रश्नच नाही.” पाऊण तासानं दुसरी एसटी गेली. बाबांनी तिलाही हात दाखवला नाही.

शेवटी एक ट्रक थांबला. चालक खाली उतरला, बाबांचं सगळं ऐकून घेतलं, मग आमच्या गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला आणि माठ घेताना आपण वाजवून पाहतो तशी बोटांच्या पेरांनी टाकी वाजवली. टण्ण आवाज आला. म्हणाला, “खाली है साहब.” बाबांनी काटा दाखवला. त्यानं स्वतःच्या ट्रकमधून रबरी नळी आणली, टाकीत सोडली, तोंडानं ओढली. नुसती हवा.

ट्रकमध्ये डिझेल, ते आमच्या उपयोगाचं नाही. पुढे एका जीपवाल्यानं दोन-तीन लिटर पेट्रोल दिलं. आम्ही वर्ध्याला पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. काका सातला गेले होते. शेवटपर्यंत ‘धाकटा आला का’ विचारत होते, असं काकूनं सांगितलं. बाबा काहीच बोलले नाहीत. त्या दिवसाबद्दल ते पुढेही कधी बोलले नाहीत.

मला मात्र तो काटा पुष्कळ दिवस दिसत राहिला. टाकीत थेंब नाही आणि काटा ‘भरलेली’वर. बिघडला असेल, असं म्हणून सोडून देता येतं. पण बिघडलेला काटा खाली का पडला नाही? वर का गेला? याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि ते शोधताना या काट्याचा सगळा इतिहास वाचावा लागला. तो रंजक आहे.

मोटार जन्मली तेव्हा काटा नव्हताच. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्यांच्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभराहून थोडं जास्त किलोमीटर. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिनं लिग्रोइन नावाचं द्रव विकत घेतलं. किती उरलंय हे ती डोळ्यांनी पाहत होती.

नंतर आली काठी. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत बनली, जगात दीड कोटी खपली. तिच्या बहुतेक गाड्यांची टाकी पुढच्या सीटखाली असे. पेट्रोल पाहायचं तर सगळ्यांनी खाली उतरायचं, सीट उचलायची, झाकण काढायचं आणि खुणा केलेली लाकडी पट्टी आत बुडवायची. जिथपर्यंत ओलं तेवढं पेट्रोल. या गाडीला पंपही नव्हता, पेट्रोल उतारानं वाहून इंजिनात जायचं. त्यामुळे टाकी अर्धीमुर्धी असेल आणि घाट उभा असेल तर गाडी वळवून उलटी, रिव्हर्समध्ये चढवत. आज ऐकून हसू येतं, पण काठीनं कुणाला कधी फसवलं नाही. आपल्याकडेही १९४१ पासून महायुद्धापायी पेट्रोलचं रेशनिंग आलं, कुपनावर मोजून गॅलन मिळू लागले, कित्येक बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसली. तेव्हा चांगल्या चांगल्या गाड्यांचे मालकही काठी जवळ ठेवून असत.

काठीनंतर तरंग आला. तरंग म्हणजे फ्लोट, पेट्रोलवर तरंगणारी बुचाची किंवा पोकळ पितळी गोळी. १९२७ च्या शेवटी आलेल्या फोर्ड मॉडेल ए मध्ये टाकी काचेच्या पुढे, डॅशबोर्डच्या अगदी पाठीशी होती. फ्लोट वर-खाली झाला की त्याला जोडलेली खूण ड्रायव्हरला समोर दिसे. मध्ये ना तार ना वीज. फक्त सहा-आठ गॅलन पेट्रोल आपल्या गुडघ्यांच्या पुढ्यात घेऊन बसायचं एवढंच! पुढे टाकी मागच्या बाजूला गेली आणि खरा प्रश्न उभा राहिला. टाकी तिकडे, माणूस इकडे; निरोप आणायचा कसा?

विसाच्या दशकाच्या शेवटी अमेरिकन गाड्यांत यावर एक विलक्षण तोडगा निघाला. टाकीच्या तळाशी हवा कोंडलेलं नळकांडं ठेवायचं आणि तिथून एक बारीक नळी डॅशबोर्डपर्यंत आणायची. वर पेट्रोल जितकं जास्त तितका हवेवर दाब जास्त, आणि त्या दाबानं डॅशबोर्डवरच्या काचेच्या नळीत लाल रंगाचं जड द्रव वर चढायचं. थर्मामीटरसारखं. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून आपल्याकडे अमेरिकन गाड्यांची चांगलीच गर्दी होती. या युक्तीतली गोम अशी, की नळीला कुठेही केसाएवढी भेग पडली की हवा निसटे आणि लाल द्रव खाली बसे. टाकी भरलेली असली तरी. म्हणजे हे यंत्र बिघडलं तर ‘पेट्रोल नाही’ म्हणायचं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच येणार आहे.

जर्मन लोकांनी तर बरीच वर्षं काट्याचा नादच केला नाही. फोक्सवॅगनच्या बीटलला १९६१ पर्यंत पेट्रोलचा काटा नव्हता. पायाशी एक तोटी असायची. गाडी आचके देऊ लागली की पायानं तोटी फिरवायची, राखीव पाचेक लिटर सुरू. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. स्कूटरवर ज्यांची उमर गेली त्यांना ‘रिझर्व्हला लागली’ म्हणजे काय ते ठाऊक आहे, आणि रिझर्व्हही संपल्यावर स्कूटर एका अंगावर कलती करून, पुन्हा किक मारून पंपापर्यंत पोहोचणं तर महाराष्ट्राचं राष्ट्रीय कौशल्य होतं.

आता विजेचा काटा. इथे जरा थांबावं लागेल, कारण आमची गाडी केळझरला का फसली ते इथे आहे.

विजेच्या काट्याचे दोन घराणे आहेत. दोन्हींत टाकीमध्ये फ्लोटची दांडी असते आणि ती एका तारेच्या गुंडाळीवर सरकते. दांडी जिथे असेल त्याप्रमाणे विजेला कमी किंवा जास्त अडथळा होतो. इथपर्यंत सारखं. फरक डॅशबोर्डच्या मागे आहे.

जुन्या घराण्यात काट्याच्या दोन बाजूंना दोन कॉइल असतात. एक त्याला ‘रिकामी’कडे ओढते, दुसरी ‘भरलेली’कडे. टाकी रिकामी असली की टाकीतलं युनिट विजेला जमिनीकडे, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाकडे, जायला मोकळी वाट देतं. वीज दुसऱ्या कॉइलकडे फिरकतच नाही, काटा ‘रिकामी’वर राहतो. पेट्रोल वाढलं की ती वाट अरुंद होते, वीज दुसऱ्या कॉइलमधून जायला लागते, काटा चढतो. आता समजा, टाकीकडे जाणारी तार तुटली, सुटली किंवा गंजली. वाट पूर्ण बंद. सगळी वीज दुसऱ्या कॉइलमधून जाणार आणि काटा ‘भरलेली’ला जाऊन टेकणार. टाकीत काहीही असो!

आमच्या गाडीत तेच झालं होतं. वरातीत खड्ड्याखुड्ड्यांतून गाडी हिंडली, टाकीवरची तार निसटली. मावसभावानं रीतीप्रमाणे थोडं पेट्रोल टाकलंही होतं, पण वर्ध्यापर्यंत पुरेल एवढं नव्हतं.

दुसरं घराणं साठच्या दशकात इंग्रजी गाड्यांत रुळलं आणि हळूहळू आपल्याकडेही आलं. त्यात दोन धातूंची एक चिकटवलेली पट्टी असते. तिच्याभोवतीच्या तारेतून वीज गेली की पट्टी तापते, तापली की वाकते, वाकली की काटा चढतो. यात हिशेब उलटा. टाकी भरलेली असताना अडथळा सर्वांत कमी. त्यामुळे तार तुटली तर पट्टी थंड पडते आणि काटा ‘रिकामी’वर येतो. किल्ली फिरवल्यावर हा काटा सावकाश, अर्धं मिनिट घेऊन चढतो, ते पट्टी तापेपर्यंतच. पेट्रोल हिंदकळलं तरी हा नाचत नाही. जुना मात्र प्रत्येक वळणावर डोलायचा. बॅटरीचा दाब कमी-जास्त झाला तर याचं गणित बिघडतं म्हणून त्याच्याबरोबर एक छोटा स्टॅबिलायझर आला. पेट्रोलचा आणि इंजिनाच्या उष्णतेचा, असे दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागले तर आधी त्या स्टॅबिलायझरवर संशय घ्यावा, टाकी उघडू नये.

म्हणजे बिघाड दोघांतही होणार, पण एक बिघडून धीर देतो आणि दुसरा बिघडून घाबरवतो. अर्थात दुसऱ्यालाही अगदी निर्दोष म्हणता येणार नाही. त्याची तार तुटण्याऐवजी घासून गाडीच्या पत्र्याला लागली तर तोही ‘भरलेली’ दाखवतो. तरीही माझं मत विचाराल तर, रस्त्यावर घाबरवणारा बरा. १९७४ मध्ये आमच्या डॅशबोर्डवर तो असता तर बाबांनी बुटीबोरीलाच पंप शोधला असता.

बाबा १९९८ मध्ये गेले. त्यानंतर गाडी बरीच वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. निवृत्त झाल्यावर मी ती काढली. इंजिन, ब्रेक, रबरी नळ्या सगळं झालं. नळ्या तर बदलाव्याच लागतात, कारण आपल्या पेट्रोलमध्ये २००३ पासून थोडं थोडं आणि २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल आलं. जुनं रबर त्याला टिकत नाही. ज्या जुन्या गाड्यांत बुचाचा फ्लोट आहे त्यांचं तर आणखी कठीण. त्या बुचाला लाखेचा लेप असे, आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर होते तीच लाख, आणि ती अल्कोहोलमध्ये विरघळते. मग बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि बुडतं. आमचा फ्लोट सुदैवानं पितळी. तो गरम पाण्यात बुडवून पाहिला, बुडबुडा आला नाही. आला असता तर आतलं पेट्रोल पूर्ण काढून, वाळवून, मगच डाख लावायचा असतो. टाकीजवळ तर आगीचं कामच नाही, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची.

सगळं नीट झालं, पण काटा मला पटेना. टाकीत पेट्रोल असतानाच तो ‘रिकामी’वर येऊन बसे. युनिट म्हातारं झालं असेल, असं ठरवून मी कामठी रोडवरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून दुसरं आणलं. भोकं जुळली, बसलं. आणि अजब प्रकार सुरू झाला. पेट्रोल टाकलं की काटा उतरे, गाडी चालवली की चढे! चार दिवस मला वाटलं, मीच तारा उलट्या जोडल्या. शेवटी एका जुन्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, “काकाजी, काटा बराबर आहे. पन वरचा अन् खालचा एका घरचे नाहीत. हा रिकामं म्हन्ते, तो भरलं आयकते.” जुन्या घराण्याचा काटा आणि नव्या घराण्याचं युनिट मी एकत्र बांधलं होतं. आज जुन्या गाड्यांत काटा चुकतो त्यात ही गफलत फार आहे. सामान बसलं म्हणजे जुळलं असं आपण समजतो.

“जुनंच लावा,” तो म्हणाला. जुनं युनिट त्यानं हातात घेतलं, अर्थची तार घासून लख्ख केली, दांडी हातानं वर-खाली करून मला काटा पाहायला सांगितला. काटा हातासरशी चालत होता, कुठेही अडकत नव्हता. मग तो दांडीकडे निरखून पाहू लागला. “काकाजी, हे आपोआप नाही वाकलं. पकडीचे दात आहेत पाहा. कोनीतरी वाकवली आहे.” पितळी दांडीवर दोन ठिकाणी बारीक खाचा होत्या. “सरळ करू का?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, थांब, आधी मोजून पाहू.

काटा तपासायची खरी रीत एकच आहे. सपाट जमिनीवर गाडी उभी करायची, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, मग मापानं पेट्रोल टाकत जायचं आणि दर मापाला काटा कुठे आला ते पुठ्ठ्यावर लिहून ठेवायचं. टाकी चौकोनी डबा नसते. तिचे कोपरे गोल, तळ उतरता, त्यामुळे काट्याचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा कधीच सारखे नसतात. माप कोणतं तेही पाहावं. जुन्या पुस्तकांत आकडे गॅलनमध्ये असतात आणि इंग्रजी गॅलन साडेचार लिटरचा, तर अमेरिकन पावणेचार लिटरचा. पंधरा गॅलनच्या टाकीत या फरकानं अकरा-बारा लिटरची चूक होते. नागपूरच्या उन्हाची चूक त्यापुढे किरकोळ. वीस अंशांनी तापमान चढलं तर चाळीस लिटर पेट्रोल पाऊण लिटरभर फुगतं, ते या काट्याला कळतही नाही.

आम्ही अंगणात गाडी उभी केली. इंजिन बंद पडलं. मिस्त्रीनं पहिला लिटर ओतला. काटा जागचा हलला नाही. दुसरा ओतला, तरी नाही. तिसरा ओतल्यावर काटा ‘रिकामी’च्या खुणेवरून किंचित सुटला.

तीन लिटर. आमची गाडी लिटरला आठ-नऊ किलोमीटर जाते.

मिस्त्री पकड हातात घेऊन उभा होता. मी त्याला म्हटलं, दांडी तशीच राहू दे.